लाल पट्टीची डिस्क

सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरूच होईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर आमच्या ह्यांनी नवी सिस्टिम टाकायला घेतली. सीपीयूचं झाकण निघालं. आत दोन डिस्क, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. एकीत बिघडलेली जुनी सिस्टिम. दुसरीत सासऱ्यांचा आवाज.

घशाच्या ऑपरेशनआधी त्यांनी तो रेकॉर्ड करून ठेवला होता. आता बोलायला गेले की नुसती हवा येते. त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. काढू, काढू म्हणत आम्ही सगळेच हातावर हात ठेवून बसलो.

नवी सिस्टिम जिच्यावर बसते ती डिस्क आधी कोरी होते. म्हणून जी वाचवायची, तिची केबल काढून ठेवायची. एवढं ह्यांना ठाऊक होतं, आणि एवढ्यावरच स्वारी छाती फुगवून बसली होती. एका केबलला लाल पट्टी, दुसरीला काळी. पट्ट्या सासऱ्यांनीच कधीतरी गुंडाळलेल्या.

"लाल म्हणजे बाद," ह्यांनी निकाल दिला. ऑफिसात दिवसभर रद्द कागदांवर लाल शिक्के मारणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? काळी केबल काढली, लाल तशीच ठेवली आणि मशीन चालू केलं.

सासऱ्यांनी टेबलावर बोटं आपटली.

"बाबा, जरा धीर धरा ना. होतंय."

पुन्हा आपटली, जोरात. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. शब्दच उरले नसतील तर टेबल बडवायचं. मला नवऱ्याचा मनापासून राग आला. तरी गप्प राहिले, कारण लाल म्हणजे बाद हे मलाही पटलं होतं.

आवाज ऐकून सासूबाई ओले हात पुसत आल्या. आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग उघड्या सीपीयूकडे.

"लाल लावून ठेवलीस? अरे, जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेत हे. लाल दिसलं की आत करंट आहे, हात लावायचा नाही. टाकाऊ वस्तूला लाल पट्टी लावतील होय?"

सासऱ्यांनी जोरजोरात मान हलवली.

डिस्क कोरी करायचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. ह्यांनी माउस सोडला आणि मशीन बंद केलं. मग केबलींची अदलाबदल केली.

संध्याकाळी नवी सिस्टिम बसली. मग मशीन पुन्हा बंद करून लाल पट्टीची केबल जोडली आणि पहिली फाइल लावली. ऑपरेशनआधीचा तो खणखणीत आवाज खोलीत आला.

"हं, सुरू झालं वाटतं. अगं, दार लाव ना, बाहेरचा गोंगाट येतोय."

सासूबाई उठल्या आणि दाराशी गेल्या. दार लावलेलंच होतं.

"लावलं हं," दाराकडेच तोंड करून त्या म्हणाल्या.