कधी बोलावू नये

धाकटीचं काम लोकांना समजावून सांगता सांगता अप्पा थकले होते. "यंत्राला शहाणपण शिकवते," असं म्हणून ते शेजाऱ्यांना वाटेला लावत. खरं तर ती एजंटसाठी वर्णनं लिहायची. एजंट म्हणजे घरोघरी म्हाताऱ्यांच्या उशाशी ठेवलेलं ते बोलकं यंत्र. त्याला करता येण्यासारखी एकेक गोष्ट म्हणजे एकेक टूल: औषध मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, दार उघडणं. कुठलं टूल कधी वापरायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी वापरायचं नाही, हे धाकटी असं लिहायची की यंत्राला शंका काढायला जागाच उरू नये. ऑफिसात तिच्या वर्णनांना नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

आई गेल्यावर अप्पांच्या घरीही एजंट आला. अप्पांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी नशिबी आला बिनलिफ्टचा तिसरा मजला. गुडघ्यांनी संप पुकारलेला, त्यामुळे खाली उतरणं बंद. कुणाला कधी बोलवायचं हे एजंटला कळायला हवं, म्हणून धाकटीनं भावंडांचीच टूलं करायला घेतली.

"नळ, वीज, मोडतोड माझ्याकडे," थोरला दादा फोनवर म्हणाला. "पण मीटिंगा चालू असताना नको हं."

"औषधपाणी मी बघेन," ताई म्हणाली. "पण संध्याकाळी नको बाई. सासूबाईंचं सगळं माझ्याच गळ्यात आहे."

उरलं ते धाकटीनं स्वतःकडे घेतलं: पडले, छातीत दुखलं, जिवावर बेतलं तर. तिघांची वर्णनं एकमेकांत कुठेही गुंतत नव्हती. तिनं पुन्हा वाचून पाहिलं आणि ती स्वतःवरच खूश झाली. लेकरांनी बापाची वाटणी इतकी नीटनेटकी क्वचितच केली असेल.

एका रविवारी जिना चढून ती दाराशी पोचली, तर आतून अप्पांचा आवाज आला.

"कुणाला तरी बोलव रे."

"काय झालंय, अप्पा? नळ बिघडलाय?"

"नाही."

"औषध संपलंय? कुठे दुखतंय?"

"छे, तसं काही नाही. जरा बोलावंसं वाटतंय."

"त्यासाठी माझ्याकडे कुणी नाही, अप्पा."

एजंटचं काहीच चुकलं नव्हतं. तो तिचं अक्षर न् अक्षर पाळत होता. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छातीत दुखतंय म्हणायचं ना," आत आल्या आल्या ती म्हणाली. "मी धावत आले असते."

अप्पा खवळले. "अडकलेले नसताना लिफ्टची घंटा वाजवणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. आता मीच वाजवू?"

तिथेच बसून तिनं स्वतःचं वर्णन बदललं: अप्पांना नुसतं बोलावंसं वाटलं तरी बोलवा, केव्हाही. लिहिताना तिला रडू आलं आणि हलकंही वाटलं. नवशिक्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, टूलला जे जमत नाही ते वर्णनात लिहू नका. यंत्र भाबडं असतं, विश्वास ठेवतं. पण स्वतःचं वर्णन लिहायची वेळ आली की भलेभले माती खातात.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ती साहेबांसमोर होती, तिनं कापला. मग आला तो मुलीला शाळेतून आणायला निघाली होती तेव्हा. एकदा तर चांगली मोकळी होती, पण डोकं इतकं ठणकत होतं की वाजणाऱ्या फोनकडे नुसती बघत राहिली. 'नंतर करते' म्हणायची, आणि ते नंतर काही उजाडायचं नाही. वाईट मुलगी नव्हती ती. तिच्याकडे वेळ नव्हता, आणि तो कुठून आणायचा हे तिला खरंच कळत नव्हतं.

पुढच्या खेपेला ती गेली, तर अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसलेले.

"कुठे निघालात?"

"मी कुठे निघतोय? हल्ली असाच बसतो. हा म्हणतो, बोलावलंय तिला, थांबा. मग थांबतो."

"अप्पा, मी..."

"तुला नाही गं बोलत." अप्पांचा आवाज मऊ होता, आणि तेच तिला सहन होईना. "पण तुझं ते आधीचं लिहिलेलं परत घाल."

"का?"

"तेव्हा हा कुणी नाही म्हणायचा, की मी दिवा मालवून झोपायचो. आता झोप लागत नाही."

तिनं लॅपटॉप उघडला. अप्पा 'राहू दे' म्हणतील म्हणून उगाच इकडेतिकडे बोटं फिरवत राहिली. अप्पा चष्मा पुसून तिच्याशेजारी सरकले आणि ती अडलीय असं समजून स्वतःच सांगू लागले.

"लिही. गप्पांसाठी हिला बोलावू नये."

तिनं लिहिलं.

"स्पष्ट लिहिलंस ना?"

"हो, अप्पा."