एंटरचा ठोका

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड. माझ्या कंट्रोल, ऑल्ट आणि एल या तीन बटणांवरची अक्षरे झिजून गेली आहेत. ती कोणाच्या बोटांनी झिजली आणि त्या बोटांचे पुढे काय झाले, ते सांगतो.

कारखान्यात माझ्या प्रत्येक बटणाखाली रबराची एक लहानशी घुमटी बसवली गेली. ती दबली की 'टक' असा आवाज होतो. एंटर मात्र रुंद बटण. त्याचा आवाज जाड, ठोका पडल्यासारखा. या फरकाला कधी एवढे महत्त्व येईल असे वाटले नव्हते.

मी एका टायपिंगच्या ऑफिसात आलो. तिथे यंत्रांच्या माहितीपुस्तिका टाइप होत. मालक प्लायवुडच्या आडोशामागे बसत आणि कामावर कानाने लक्ष ठेवत. बटणे वाजत असली म्हणजे काम चालू, शांतता म्हणजे कामचुकारपणा! पाठीमागे सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत.

माझ्यासमोर ताई बसत. पुस्तिकेत सगळ्या सूचना क्रमाने असत: झाकण उघडा, पट्टा काढा, तेल घाला. प्रत्येक ओळीआधी आकडा, टिंब आणि टॅब ताई हाताने देत. मग गिऱ्हाईक सांगे, "वरती अजून एक सूचना घाला," की खालचे सगळे आकडे पुन्हा बदलायचे. ताईंचे मनगट सुजले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर पेलासुद्धा धरता येणार नाही."

तेव्हा ताईंनी जेवणाच्या सुट्टीत खटपट करून यादीची एक ठरावीक मांडणी तयार केली आणि तिला कंट्रोल, ऑल्ट, एल हा शॉर्टकट जोडला. ओळी निवडायच्या, तिन्ही बटणे एकदम दाबायची, की आकडे, समास, अंतर सगळे जागच्या जागी. टॅब दाबला की पोटसूचना आत सरके, शिफ्टसकट दाबला की बाहेर येई. मधे ओळ घातली तर पुढचे आकडे आपोआप बदलत. दिवसभराचे काम जेवणाआधीच आटपू लागले. मनगटाची सूजही उतरली.

पण मी गप्प झालो. लगेच आडोशामागून आवाज आला, "ताई, डोळा लागला की काय?"

ताई खरे सांगणार होत्या. शेजारचे प्रूफरीडर कुजबुजले, "गप बसा. काम संपलं म्हणालात, तर तुमचंच संपेल."

मग ताई रोज दुपारी कोरे पान उघडून माझ्यावर काहीबाही बडवत बसू लागल्या. मनगट पुन्हा सुजले. पूर्वी निदान कामाने सुजले होते, आता नुसत्या आवाजाने.

एका दुपारी मालक उठून आलेच.

"मघापासून ऐकतोय. टकटक चाललीय, पण एंटर कुठाय? सूचना टाइप करताय की कादंबरी?"

बडवण्याच्या घाईत ताई एंटर दाबायलाच विसरल्या होत्या. पडद्यावर नुसता अक्षरांचा पालापाचोळा.

ताईंनी घाबरत घाबरत तयार पुस्तिका उघडली, युक्ती सांगितली आणि नव्या पुस्तिकेच्या साध्या ओळी निवडून दिल्या. मालकांनी खुर्ची ओढली आणि स्वतः तीन बटणे दाबली. ओळी शहाण्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या.

"अरे वा! हे तर मलाही जमतंय की."

"हो साहेब, अगदी सोपं आहे!" ताईंचा चेहरा उजळला. त्यांना ते कौतुक वाटले.

"मग उद्यापासून तुम्ही कशाला यायचं?"

प्रूफरीडर खुदकन हसले. "म्हटलं नव्हतं मी, ताई?"

"साहेब, हात दुखत होता म्हणून केलं हो. घर चालतं माझं या नोकरीवर."

"मग आता द्या की हाताला आराम. शॉर्टकट तेवढा राहू दे."

जाताना ताईंनी रोजच्या सवयीने मला रुमालाने पुसले. एंटरवर त्यांचे बोट थोडा वेळ थांबले, पण त्यांनी ते दाबले नाही.

पुढे मालक स्वतःच सूचना टाइप करून ती तीन बटणे दाबू लागले. माझ्यावर चहा सांडला, तो कोणी पुसला नाही. एल चिकटून बसला आणि मी खोक्यात गेलो. माझ्या जागी बिनआवाजाचा कीबोर्ड आला. आता आडोशामागून ऐकायचे तरी कोणाला?

मित्रांनो, तुमच्या कीबोर्डवर चहा सांडला तर लगेच पुसा. आणि शेजारचे माणूस काम संपवून शांत बसले असेल, तर त्याला शांत बसू द्या.

खोक्यात माझ्या अंगावर जुना स्टेपलर पडला आहे. त्याचा भार नेमका एंटरवर आहे. ते बटण आता रात्रंदिवस दाबलेलेच असते.

त्या दुपारी ते एकदा जरी दाबले गेले असते तर!