ज्याचं भांडण, त्याच्या हातात

मी सांगावा बोलतोय. लग्नाचा नव्हे, लढाईचा. दिसायला म्हणाल तर दोन काटक्या, उभ्या-आडव्या बांधलेल्या. पण टोकं जाळून बोकडाच्या रक्तात बुडवली, की स्कॉटलंडच्या या डोंगरांत भल्याभल्यांची घाबरगुंडी उडते.

माझा जन्म सरदार टॉर्कीलच्या अंगणात झाला. कारण फारच गंभीर होतं. शेजारच्या सरदाराने मेजवानीत त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं. एवढा अपमान झाल्यावर चाळीस-पन्नास माणसं मारल्याशिवाय जेवण पचणार कसं? त्याने मला पेटवलं, विझवलं आणि आपल्या नोकराच्या, फर्गसच्या हाती देऊन स्वतः न्याहारीला बसला.

माझा नियम साधा. ज्याच्या हातात मी पडेन, त्याने मला घेऊन पुढच्या घरापर्यंत धावायचं. वाटेतल्या प्रत्येक घरच्या पुरुषाने शस्त्र घेऊन सरदाराच्या दारी जायचं. ज्या घरात मी थांबेन, ते घर जळून खाक होईल.

हातोहात फिरत मी समुद्रकाठच्या शेवटच्या घरी पोचलो. तिथे मार्सली राहते. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे मागच्या लढाईच्या सांगाव्याला, तिनेच शेवटच्या घराच्या रिवाजाप्रमाणे इथून समुद्रात फेकलं होतं. त्या लढाईतून तिचा नवरा मर्डो परतला नाही. आता मुलाची, युअनची पाळी होती.

"जायलाच हवं गं आई. लोक काय म्हणतील?" युअन तलवार काढत म्हणाला.

"लोक तुझ्या बापालाही शूर म्हणाले. ऐकायला तो होता का? ठेव ती तलवार! नियम मी पाळते."

तिने घागरा खोचला आणि मला घेऊन, मी आलो त्याच वाटेने उलटी धावत सुटली. बाई रडत होती, पण थांबली नाही.

अंगणात साठेक माणसं जमली होती. तिने मला सरदारापुढे धरलं. समोर आलेलं घ्यायचं, ही सरदारांची जुनी सवय. हात पुढे झालाच.

"हे इकडे कशाला आणलंस, बाई?"

"सगळी घरं झाली सरदार. तुमचंच राहिलं होतं. आता धावा. थांबू नका हं, घर पेटेल."

"मी? अगं, मी सरदार आहे!"

"नियमात तसं कुठे म्हटलंय?"

"मालक, माझे जोडे देऊ का?" फर्गसने अदबीने विचारलं. त्याच्या पायांना फोड आले होते.

सगळे बघत होते. टॉर्कील धावला. फाटकापर्यंत. तिथे दगडावर बसून त्याने बराच वेळ श्वास घेतला.

"तसा तो बाक काही वाईट नव्हता," तो शेवटी म्हणाला. "वारा छान येत होता."

लढाई मोडली. माणसं आपापल्या घरी गेली आणि टॉर्कीलने मला घाईघाईने मार्सलीच्या गळ्यात मारलं.

हल्ली मी तिच्या ओटच्या शेतात बुजगावणं आहे. कावळे माझ्या खांद्यावर बसतात. मला फक्त माणसंच घाबरायची, हे मला इथे आल्यावर कळलं. शेजारी युअन कापणी करतो, मोठ्याने आणि बेसूर गातो. मला ते आवडतं.

पुन्हा कुणाला गरज पडली, तर खुशाल उपटा मला. फक्त ज्याचं भांडण, त्याच्या हातात आधी द्या. आणि अंगातला हा सदरा तेवढा जपून काढा. मर्डोचा आहे. मार्सली येता-जाता त्याची बाही सारखी करते.