बाईंनी गोल दगड मागितले

मी टोल बोलतोय. शाळेचा टोल. आंब्याला टांगलेला, गंजलेला, एका कडेला चेपलेला. आवाज घोगरा हाय आन् डोकं गरम. गोड बोलनं मला जमत न्हाई. ऐकायचं तर ऐका.

माजा जन्म लांबच्या मुलखात, कारखान्यात झाला. मी अर्धा, माजा भाऊ अर्धा. दोघांना जोडून मधी पोट केलं आन् त्यात लोखंडी गोळे भरले, पेरूएवढे, शेकड्यानं. मला कोनी विचारलं न्हाई. लढाईतल्या एका इमानानं आमाला ह्या लाओसच्या डोंगरावर आनून आभाळातनं सोडलं. हवेतच आमी उघडलो. गोळे पसरले. बरेच फुटले, पन पुष्कळ मातीत तसेच झोपले. गाव त्येंना बोंबी म्हनतं. लढाई कवाच संपली, पन बोंबीला कोन सांगनार?

भाऊ कुठं पडला ठाऊक न्हाई. मला थोंगदाम नावाच्या गड्यानं उचललं. आदी माज्यात माती भरून कांद्याची पात लावली. मग डुकरांना कोंडा घातला. डुकरं चाटून चाटून मला लख्ख करायची. शाळा झाली तवा त्येनंच भोक पाडून मला हितं टांगलं. आता म्हातारा झालाय, पन रोजचा टोल तोच देतो.

औंदा शहरातनं शिकाऊ बाई आल्या. लाडावान त्येंचं नाव. मास्तरकीचं शिक्षन अजून चालू, पगार न्हाई, आपल्या मनानं आलेल्या. गाव त्येंना चिकट भात पोचवायचं. बाई समद्यालाच भ्यायच्या. जळवांना भ्यायच्या, सरपंचाच्या कुत्र्याला भ्यायच्या. मला बघून तर मागंच सरल्या.

"आजोबा, हा बॉम्बचा आहे ना?"

"व्हय. पन पोट रिकामं हाय त्येचं, माज्यावानी," थोंगदाम म्हनला. "मारा की."

बाईंनी मारलं, ते बी असं, जसं परक्याचं दार वाजवत्यात. पोरं खिदळली.

बाई पयलीला शिकवायच्या. वर्गाची भिंत अर्धीच हाय, त्यामुळं मला समदं ऐकू येतं. मोजायला शिकवायचं, तर शाळेत मनी न्हाई का गोट्या न्हाईत. एक दिवस सुटताना बाई म्हनल्या, "उद्या सगळ्यांनी दगड आणा, मोजायला. गोल बघून आणा. मुठीत मावतील एवढे."

पेंग म्हनून थोंगदामची नात पुढं बसायची. ती उठली. "बाई, गोल काय दिसलं तर उचलायचं न्हाई. आजा मारतो."

"दगडच आणायचेत गं. आजोबांना सांग, बाईंनी सांगितलंय."

माजं लोखंड गार पडलं. अरे, थांबवा कोनीतरी. पन टोलाचं कसं हाय, कोनी मारलं तरच त्येनं बोलायचं. पोरं पांगली. थोंगदाम सोयऱ्यांकडं पल्याडच्या गावाला गेलेला. पेंगनं विचारायचं तरी कुनाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल बाईंनीच दिला. पोरं आली, माज्या म्होरं अंगनातच आपापले दगड वतायला लागली. मी एकेक बघत व्हतो. चपटा. लांबुडका. वढ्यातला. माजा जीव जरा खाली बसला.

तेवढ्यात पेंग धापा टाकत आली. एक हात पुढं केलेला.

"बाई, माजा समद्यात गोल!"

तांबूस गंजलेला, अंगावर उभ्या रेघा. मी वळखला. माज्याच पोटातला असंल, न्हाईतर माज्या जातीतल्या कुनाच्या.

बाईंना वळखू आला न्हाई. त्या हसल्या बी. पन पोरं हसली न्हाईत. कोनी न सांगता समदा वर्ग मागं सरकत भिंतीला चिकटला. बाईंनी त्येंची तोंडं बघितली. एक पोरगं हळूच म्हनलं, "बोंबी."

बाईंचं तोंड पिठावानी पांढरं पडलं.

"पेंग, हात हलवू नकोस. मी येतेय."

"टाकू का, बाई?"

"नको." बाईंचा आवाज फाटला. "नको बाळा. धरून ठेव."

"बाई, मला सू लागलीय."

"होऊ दे. इथंच होऊ दे."

बाई गुडघ्यावर बसल्या. पेंगच्या हाताखाली आपली वंजळ धरली. "आता तुझा हात काढ. मांजराच्या पिल्लाखालून काढतात ना, तसा."

पेंगनं काढला. मला वाटलं, आता. आता. काय बी झालं न्हाई.

"सगळे वाटेनं घरी जा," बाई म्हनल्या. "पळू नका. मोठ्या माणसांना सांगा."

पोरं गेली. माज्या म्होरं एकट्या बाई, आन् वंजळीत ते. हात लटालटा कापत व्हते. "आई गं, आई गं," एवढंच तोंडात. मी मनात वरडत व्हतो, बाई, नका कापू. पन भ्यालेल्या मानसाचा हात कुनाच्या बापाचं ऐकतो?

शेवटाला थोंगदाम आला. गावाच्या वेशीतच पोरांनी त्येला गाठलेलं. काखेत कोंड्यानं भरलेली टोपली.

"ठेवा ह्यात. हळू. शिव्या मागनं देतो."

बाईंनी टेकवलं, पन बोटं सुटंनात. म्हाताऱ्यानं एकेक बोट सोडवलं आन् बाईंना धरून लांब नेलं.

दुपारी तालुक्याची बॉम्ब काढनारी मानसं आली. त्येंनी वाळूची पोती रचून तो गोळा जाग्यावरच उडवला. हादरा असा, की कोनी न मारता मी वाजलो. लांब उभी पोरं माज्याकडं बघत राहिली.

"कुठं घावला गं तुला?" थोंगदामनं नातीला विचारलं.

"टोल पडला. मला उशीर झाला. म्हनून वाट सोडून शेतातनं पळाले. तिथं व्हता."

म्हाताऱ्यानं उगारलेला हात खाली घेतला. मग बाईंकडं वळला. "तुमाला ठेवावं का हाकलावं, मला कळंना झालंय."

"हाकला," बाई म्हनल्या. "पण पोरांना मोजायला बोटं पुरतात, एवढं मला शिकवून जाऊ द्या."

हाकललं न्हाई कोनी. बाई अजून हायेत, अजून भ्यात्यात. मी बी भितो. सकाळी माज्यावर पयला घाव पडला, की डोंगरावरनं पोरं धावत सुटत्यात, आन् मी बघत राहतो, कोन वाटेनं येतंय, कोन शेतात शिरतंय.

म्हनून सांगतो, मास्तरांनो, बाईंनो. टोल शाळा भरायच्या बराच आदी देत जा, पोरांना चालत यायला येळ मिळू दे. उशिरा आलेल्याला उभं करू नका, छडी दावू नका. पोर उशिरा येऊ दे. पन वाटेनं येऊ दे.