दानाचे कपडे धुणारी

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. माझे गोल काचेचे दार अजून घट्ट बसते आणि ड्रम न कुरकुरता फिरतो. मात्र मुलांच्या संस्थेत कामाला लागल्यापासून मला शिसारी फार लवकर येते. त्याला कारण मुले नव्हेत, हे आधीच सांगून टाकते.

माझी उमेदीची वर्षे एका हॉटेलात गेली. पांढऱ्याशुभ्र चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडे, एवढाच माझा आहार. तिथला धोबी माझे तोंड भरून कौतुक करायचा. पुढे नवी मशीन आली आणि हॉटेलच्या मालकांनी मला अनाथ आणि गरजू मुलांच्या या संस्थेला दान केले. मला लाल फीत बांधून फोटो काढले. तेव्हा मीही थोडा भाव खाल्ला.

मग दानाच्या कपड्यांची पहिली पोती आली. काय सांगू त्यांतला ऐवज! काखेत पिवळी पडलेली बनियने, कुत्र्याचे केस चिकटलेली रजई, जोडीदार हरवलेले मोजे, नाडी नसलेल्या विजारी. एका कोटाच्या खिशातून कुणाची तरी कवळी निघाली आणि माझ्या गाळणीत जाऊन अडकली. पोटात ढवळणे हा माझा धंदाच, पण त्या दिवशी खरोखर ढवळले. कपडे निवडणाऱ्या मावशीने ती कवळी चिमट्यात धरली आणि म्हणाली, "आता ही कुठल्या पोराला बसवू?"

मावशी दिवसभर कुरकुरायची, पण शिवण तपासल्याशिवाय एकही कापड मुलांच्या अंगावर जाऊ द्यायची नाही. अर्धे पोते ती कचऱ्यात टाकायची. संस्थेच्या संचालिकाबाई, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्या ते परत काढायला लावायच्या. "देणाऱ्यानं पाहिलं तर त्याला काय वाटेल?" असे विचारायच्या. घालणाऱ्याला काय वाटेल, हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

संस्थेत एक मुलगी होती. शर्टाची सगळी बटणे गळ्यापर्यंत लावायची, म्हणून तिचे नाव पडले बटण. तिची आई एका आजारी म्हातारबुवांच्या घरी राहून त्यांची शुश्रूषा करायची. त्या घरात लेकराला थारा नव्हता, म्हणून बटण इथे. आईने विणलेला पिवळा स्वेटर ही तिची स्वतःची अशी एकच वस्तू. तो माझ्यात टाकला की धुऊन बाहेर येईपर्यंत ती काचेला नाक लावून बसायची. मी तो अगदी जपून धुवायचे. एवढी अदब मी हॉटेलच्या चादरींनाही दाखवली नव्हती.

आता संस्थेची एक रीत ऐका. थंडी सुरू झाली की देणगीदारांचा सोहळा व्हायचा. मुलांना एकेक करून मंचावर बोलवायचे आणि पाहुण्यांच्या हातून कपडे द्यायचे. त्याआधी आठवडाभर धुणे बंद. माझा प्लग ताई स्वतः येऊन काढायच्या.

"अहो ताई, पोरं खाजवतायत," मावशी म्हणायची.

"एका आठवड्यानं काही होत नाही. मुलं स्वच्छ दिसली तर लोक म्हणतील, यांना कशाला द्यायचं?"

आधी मळके मूल, मग हातात पुडके, मग हसू. भिंतीवर फोटो याच क्रमाने लागायचे. ते हसू काढायला फोटोवाला दरवेळी "अजून थोडं" म्हणायचा. मला त्या भिंतीची किळस यायची.

त्या वर्षी सोहळ्याला बटणची आई येणार होती. म्हातारबुवांच्या सुनेने कधी नव्हे ती अर्ध्या दिवसाची सुटी दिली होती. बटणच्या मनाने एकच घेतले, आईला आपण त्या स्वेटरमध्ये दिसलो पाहिजे, म्हणजे पोर इथे नीट आहे असे तिला वाटेल आणि ती रडणार नाही. मावशीने ताईंची नजर चुकवून माझा प्लग लावला, स्वेटर धुतला आणि मागच्या दोरीवर वाळत घातला. दुपारी पाहिले तर दोरी रिकामी. बटणने सगळी पोती उपसली, शेवटी माझ्या ड्रममध्ये डोके घातले आणि म्हणाली, "तूच गिळलंस ना?" मला ते फार लागले.

सोहळा अंगणात होता आणि आमच्या खोलीचे दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे दिसले. बटणला फाटक्या बाहीच्या फ्रॉकमध्ये मंचावर उभे केले होते. तिची आई शेवटच्या रांगेत बसली होती. एका जाडजूड साहेबांनी चकचकीत कागदातले पुडके बटणच्या हातात दिले. कागदातून पिवळी लोकर दिसत होती. पोत्यांमधले एकही कापड साहेबांच्या हातात शोभण्यासारखे नव्हते, म्हणून ताईंनी दोरीवरचा स्वेटर उचलून बांधला होता. तो कुणाचा, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"साहेबांना थँक्यू म्हण," ताईंनी माइक पुढे केला.

"हा माझाच आहे," बटण म्हणाली. "माझ्या आईनं विणलाय."

ताईंनी माइक मागे घेतला. "जरा बुजरी आहे," त्या हसून म्हणाल्या. टाळ्या पडल्या. साहेबांनी बटणच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरताना तो रुमालाने पुसला. शेवटच्या रांगेतली बाई केव्हाची उभी होती. तिच्याकडे कुणीच पाहिले नाही.

सगळे पांगल्यावर आई लेकीला घेऊन माझ्या शेजारच्या बाकावर बसली. 'चल माझ्याबरोबर' हे शब्द तिच्या ओठांवर होते, पण ते म्हणण्याची सोय नव्हती. तिने लेकीच्या अंगात स्वेटर घातला. बटणने तो काढला, घडी केली आणि आईच्या पिशवीत ठेवला.

"अगं, थंडी आहे. असू दे अंगात."

"नको. तू घरी ने."

"का गं?"

"इथे ठेवला तर पुढच्या वर्षी परत मलाच देतील."

आईने पिशवी छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने लेकीला जवळ ओढले. मावशीने आमच्याकडे पाठ फिरवली आणि ती कोरड्या कपड्यांच्याच घड्या मोडून पुन्हा घालत राहिली.

ती थंडी बटणने दोन शर्ट एकावर एक घालून काढली. पोती अजून येतात, आणि मुलांच्या अंगाला घाण लागू नये म्हणून मी ती नाक दाबून धुते. मित्रांनो, द्यायचे असेल तर स्वतःच्या लेकराला घालाल तेच द्या, धुऊन आणि घडी घालून द्या. दारात ठेवा आणि सरळ आपल्या घरी जा. थँक्यू म्हणायला कुणाच्या पोराला उभे करू नका.