चर्चमधली प्रार्थना

अब्राहामदादांचं पत्र येऊन दोन वर्षं होत आली होती आणि वैजनाथ गुरुजींनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही लांबलचक नव्हतं. 'गुरुजी, शाळेची जुनी भिंत काल भरदुपारी बसली. आत कोणी नव्हतं. तुम्ही धाडस केलं म्हणून आमची लेकरं वाचली. तुमचे लई उपकार आहेत.'

निवृत्तीनंतर बेलापुरात राहायला आलेले गुरुजी उत्तर लिहायला बसले, की 'धाडस' या शब्दापाशी त्यांचं पेन अडायचं. ज्यांचे आभार आपण मानायचे, त्यांनीच आधी आपले मानले; आणि तेही आपण न केलेल्या गोष्टीबद्दल! आता काय लिहावं?

घोडेगावच्या पलीकडे एका वस्तीवर त्यांची जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीनं पोट काढलं होतं. खोल्या धोकादायक ठरवून पाडायची परवानगी मिळावी, म्हणून गुरुजींनी रीतसर प्रस्ताव पाठवला, स्मरणपत्रं पाठवली. वरून आदेश आल्याशिवाय शाळा हलवायची नाही, हा नियम. गुरुजी नियमाला जितके भ्यायचे, तितके विंचवालाही भीत नसत. ते मुलांना भिंतीपासून लांब सरकवून बसवत आणि टपालाची वाट पाहत.

अखेर एका सकाळी अब्राहामदादाच शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. दादा शेतकरी माणूस, पण शेजारच्या लहानशा चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची. मागे पोरांच्या आया, प्रत्येकीच्या काखोटीला सतरंजी.

"गुरुजी, तुमचा कागद येईल तवा येईल. भिंत काय कागदाची वाट बघायची न्हाई. चला."

पोरं निघाली, आया निघाल्या. गुरुजी खडूचा डबा घेऊन सगळ्यांच्या मागून गेले. चर्चमध्ये दादा वेदीसमोर चादरीचा पडदा बांधत होते.

"अहो दादा, देवासमोर पडदा?" गुरुजी ओशाळले.

"सरकारी शाळा हाय तुमची. उद्या बालंट नको. देवाचं काय, त्याला पडद्याआडून बी दिसतं."

बालंट आलंच. कोणीतरी निनावी तक्रार केली : 'मुख्याध्यापक दररोज सकाळी चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना म्हणतात.' गुरुजींना कारणे दाखवा नोटीस आली. विनापरवानगी शाळा हलवली आणि सरकारी शाळेत धर्मप्रसार केला, असे दोन ठपके. निवृत्ती तोंडावर आलेली. निलंबन झालं असतं तर पेन्शन लटकली असती आणि पोरं पुन्हा त्या भिंतीखाली गेली असती. गुरुजींनी संविधानातली कलमं काढून मोठा थोरला खुलासा लिहिला. चौकशी अधिकारी बाई आल्या तेव्हा तो हातात धरून ते नुसते उभे राहिले.

बाईंनी खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंना पुढं बोलावलं.

"खरं सांगायचं. इथं रोज चर्चमध्ये प्रार्थना असते का?"

"असती की! पहिल्या रांगंत असती."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बाई भराभर लिहू लागल्या.

"एकही दिवस खंड नाही?"

"सोमवारी तेवढी न्हवती. घसा बसल्ता."

"कुणाचा? गुरुजींचा?"

"गुरुजींचा कशाला बसंल? ते बोलत्यातच कुठं! प्रार्थनाचा बसल्ता. गारेगार खाल्लं लई."

"हजर बाई!" पहिल्या रांगेतून अब्राहामदादांची तिसरीतली नात ताडकन उभी राहिली.

मग कोपऱ्यातून एक आई फिस्सकन हसली आणि सगळं चर्च हसायला लागलं. बाईंनी तक्रार पुन्हा वाचली.

"गुरुजी, हजेरी तुम्ही घेता?"

"हो."

"मोठ्यानं?"

"मागच्या रांगेत ऐकू जावं म्हणून," गुरुजी पुटपुटले.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. पण लगेच चेहरा गंभीर करून म्हणाल्या, "ते मिटलं. परवानगीशिवाय शाळा हलवली, त्याचं काय?"

"चूक झाली," असं गुरुजी म्हणणार, तोच दादा पुढं आले. "त्यांनी न्हाई हलवली, बाई. लेकरं आमची, आमीच उचलून आनली. गुरुजी बिचारे मागनं आले. चला, भिंत दावतो."

बाई भिंतीपाशी गेल्या, आत डोकावल्या आणि तशाच मागे सरकल्या. तिथंच उभ्यानं त्यांनी शेरा लिहिला : नव्या खोल्या होईपर्यंत वर्ग चर्चमध्येच भरावेत, मुख्याध्यापकांवर कारवाईचं कारण नाही. गुरुजी सुखरूप निवृत्त झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंत बसली आणि ते पत्र आलं.

परवा सुमनबाई भाचीच्या लग्नाला बेलापुरात आल्या होत्या. मांडवात गुरुजी दिसताच त्यांनी लांबूनच हाक मारली.

"काय गुरुजी! अब्राहामदादा इचारत्यात, आमचं पत्र तपासाया घेतलंय का काय? मार्क तरी कळवा म्हनावं!"

"अहो, काय लिहावं तेच सुचत नाही, सुमनबाई."

"येवढी पुस्तकं वाचली, अन् सुचंना? जे झालं त्ये लिवा की!"

गुरुजी जेवणाला न थांबता घरी आले. लिहिलं : 'प्रिय अब्राहामदादा, धाडस माझं नव्हतं. तुम्ही किल्ली घेऊन आला नसता, तर मी वाट पाहत तिथंच बसलो असतो, आणि माझ्याबरोबर मुलंही. नोटीस आली तेव्हाही मला बोलता आलं नाही, तुम्ही सगळे बोललात. रोज सकाळी चहा घेताना तुमची आठवण येते. उपकार तुमचे आहेत. प्रार्थनाला आशीर्वाद. आपला, वैजनाथ.'

वाचून पाहिलं तर ते त्यांना फारच साधं वाटलं. एखादं सुभाषित घालावं काय? हात कपाटाकडे गेलाही. मग त्यांनी पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि पोस्टात जाऊन ते पेटीत टाकलं.