पाठीवरून पंचेचाळीस, तोंडावरून एकोणचाळीस

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पावसाशी माझं काही देणंघेणं नाही. मी फोटो स्टुडिओतली. बाहेरून काळी, आतून पांढरीशुभ्र. फ्लॅशचा दिवा माझ्या पोटाकडे तोंड करून चमकतो आणि तो झगझगीत उजेड मी मऊ करून माणसांवर परत पाठवते.

येरवड्याच्या मैत्री नावाच्या फोटोग्राफर मुलीनं मला आणलं ते नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या जोडीला. माझ्या चिठ्ठीवर ‘पंचेचाळीस इंच’ असं छापलेलं होतं. तिचे वडील दशरथ कपडे शिवायचे. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर घ्यावा तशी माझ्या पाठीवरून, या काडीच्या टोकापासून समोरच्या काडीच्या टोकापर्यंत फिरवली.

“पुरे पंचेचाळीस! माप चोख आहे, पोरी,” ते म्हणाले. मी तर फुशारूनच गेले.

मैत्रीचं पहिलं मोठं काम होतं एका संगणक कंपनीचं. वर्धापनदिनाला सगळ्यांचा एकत्र फोटो. तो बिघडला असता तर तिला पुन्हा कोणी बोलावलं नसतं. साहेब मधल्या खुर्च्यांवर बसले, बाकीचे मागे उभे राहिले. अगदी कडेला होत्या ऑफिसची साफसफाई करणाऱ्या सरुबाई. त्यांनी पदर दोनदा सारखा केला होता.

पंचेचाळीस इंचांतून उजेड कडेपर्यंत पसरेल, या हिशेबानं मैत्रीनं मला जवळच उभं केलं. फ्लॅश उडाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मधले साहेब लख्ख, पण कडेला सरुबाईंचा चेहरा अंधारात, नुसती साडी दिसत होती. मला फार वाईट वाटलं.

“अहो, मधले दिसतायत ना?” मॅनेजर आमोद म्हणाले. “कडेचं कोण बघतंय?”

“सरुबाई बघणार आहेत,” मैत्री म्हणाली.

तिनं पिशवीतून वडिलांची टेप काढली आणि या वेळी माझ्या उघड्या तोंडावर सरळ ताणून धरली. एकोणचाळीस!

“फोटो काढताय, की छत्रीला झंपर शिवताय?” आमोदनी विचारलं.

मैत्री हसली नाही, चिडलीही नाही. “बाबांनी कापड मोजलं,” ती स्वतःशीच पुटपुटली. “उजेड तर तोंडातून येतो.” खोटं कोणीच बोललं नव्हतं. माझी पाठ बाकदार, म्हणून तिच्यावरचं माप मोठं भरलं, इतकंच.

तिनं मला मागे सरकवलं, उंच चढवलं. “सगळे अर्धगोलात या. सरुबाई, तुम्ही पुढे, उजेडात.” खुर्च्या पुन्हा ओढल्या गेल्या, कुरकूर झाली. मैत्री तसूभरही हलली नाही. मीही सगळ्या काड्या ताणून उभी राहिले.

फ्लॅश उडाला. सरुबाईंनी पडद्याजवळ डोळे नेले. “अगं बाई, मीच की ही!”

त्यानंतर मैत्रीकडे कामं येत राहिली. आता मोठे, नवे दिवे आलेत. माझी एक काडी वाकलीय, पोट पिवळं पडलंय. कधी कधी मी महिनोन् महिने कोपऱ्यात मिटून असते. तरी मैत्री मला टाकत नाही. उघडते, धूळ पुसते, काडी सरळ करते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी छत्री तुमच्या हाती आली तर तिला धूळ न पुसता मिटू नका, काड्यांवर जोर करू नका. माप घ्याल ते तोंडावर, सरळ. आणि दिवा लावलात, की आधी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघा.